पेरीव : एका लॅटिन विशेषणाच्या निमित्ताने

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या भाषेतील चूक दुरुस्त करायला जाऊ नये, हा धडा आम्हांला बऱ्याच उशिरा मिळाला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उमरग्यातल्या एका महाविद्यालयाच्या आवारात वनस्पतिशास्त्र विभागाने भाजीपाल्याचे आणि पिकांचे छोटे वाफे केले होते. प्रत्येक वाफ्यापाशी पत्र्याची पाटी लावायची होती : वर रोमन लिपीत शास्त्रीय नाव, खाली मराठी नाव. रंगाऱ्याकडे जाण्याआधी यादी आमच्याकडे आली. मराठी नावांचे ऱ्हस्वदीर्घ तपासून द्यावेत, एवढीच अपेक्षा होती. ते काम आम्ही पाच मिनिटांत उरकले. मग आमची नजर वरच्या ओळींवर गेली आणि आम्हांला राहवले नाही.

लसणापुढे 'आलियुम सतीवुम', काकडीपुढे 'कुकुमिस सतीवुस', लसूणघासापुढे 'मेदिकागो सतीवा', मुळ्यापुढे 'राफानुस सतीवुस', कोथिंबिरीपुढे पुन्हा 'सतीवुम'. एकच शब्द तीन तऱ्हांनी! भाताचे 'ओरिझा सतीवा' हे नाव आम्हांला शाळेपासून ठाऊक होते. तेच प्रमाण, बाकीचे टंकलेखकाचे प्रमाद, असा निर्णय आम्ही कोणालाही न विचारता घेतला आणि लाल शाईने सगळीकडे 'सतीवा' करून टाकले. (येथे आम्ही हे शब्द इंग्रजी वळणाने 'सटायवा' असे न लिहिता रोमन लोकांच्या उच्चाराला जवळ जातील असे लिहीत आहोत.)

पाट्या रंगून आल्या, रोवल्या गेल्या. वनस्पतिशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांनी त्या पाहिल्या आणि सर्वांसमक्ष काही न बोलता आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "सर, एखाद्या विद्यार्थ्याने 'मोठी मुळा' असे लिहिले, तर तुम्ही गुण कापता की नाही?"

आम्ही कापतोच. म्हणजे गुण आमचेच कापायला हवे होते.

पाट्या पुन्हा रंगवल्या गेल्या. खर्च आम्ही दिला. पण त्या शब्दाने आमची पाठ सोडली नाही. ज्या विशेषणाची तीन रूपे आम्ही चूक म्हणून खोडली, ती तीन रूपे म्हणजे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलेले 'चांगला, चांगली, चांगले' हेच होते. पुल्लिंगी सतीवुस, स्त्रीलिंगी सतीवा, नपुंसकलिंगी सतीवुम. तीन लिंगे असलेल्या भाषेत जन्मलेल्या माणसाला हे ओळखू येऊ नये, याची लाज अधिक वाटली.

तसे पाहिले तर या बाबतीत मराठी माणूस इंग्रज विद्यार्थ्यापेक्षा लॅटिनच्या जवळ बसलेला आहे. इंग्रजी विशेषणाला लिंग नाही, वचन नाही. हिंदीला दोनच लिंगे. मराठीने आणि गुजरातीने संस्कृतातले तिसरे लिंग सांभाळले. उमरग्याच्या बाजारात उभे राहिले तर हा भेद कानांनीच कळतो. गाव सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे, कर्नाटकाची हद्द जवळ. एकाच दुकानाच्या पायरीवर मराठी, कानडी आणि दखनी ऐकू येते. कानडीत 'ओळ्ळेय' म्हणजे चांगला. मुलगा असो, मुलगी असो की घर असो, 'ओळ्ळेय' बदलत नाही. त्यामुळे घरी कानडी बोलणारा आमचा एखादा विद्यार्थी 'माझी घर' म्हणतो तेव्हा त्याची बुद्धी कमी नसते. घर बाई आहे, पुरुष आहे की दोन्ही नाही, हा प्रश्न त्याच्या आईच्या भाषेने त्याला कधी विचारलेलाच नसतो. कानडीत माणसांना स्त्रीपुरुषभेद आहे, वस्तू सगळ्या एका बाजूला. मराठीत मात्र खुर्ची बाई, टेबल ते, आणि पंखा पुरुष. लॅटिनचे असेच आहे, आणि तितकेच अनाकलनीय.

अनाकलनीय अशासाठी, की दोन्हीकडची लिंगे जुळत नाहीत. आमच्या पाच पाट्यांचेच पाहा. काकडी मराठीत स्त्रीलिंगी, कुकुमिस पुल्लिंगी. कोथिंबीर स्त्रीलिंगी, कोरिआंद्रुम नपुंसकलिंगी. लसणाला कोणी 'तो' म्हणतो, कोणी 'ती'. आलियुम मात्र 'ते'. घास आपल्याकडे पुरुष, मेदिकागो बाई. पाचांत एक मुळाच काय तो दोन्ही भाषांत पुरुष निघाला. झाडांच्या बाबतीत तर रोमन लोकांनी एक सरसकट नियमच केलेला दिसतो : शब्दाचा शेवट काहीही असो, झाड ही बाई. म्हणून पिंपळाचे नाव 'फिकुस रेलिगिओसा'. 'फिकुस' दिसायला पुल्लिंगी, पण विशेषण स्त्रीलिंगी. चिंचेचे 'तामारिंदुस इंदिका' तसेच. आपल्याकडे वड, पिंपळ आणि कडुनिंब हे पुरुष. चिंच आणि बाभूळ बायका.

रूपांच्या तपशिलात शिरलो तेव्हा आणखी एक गंमत हाती लागली. लॅटिनमध्ये 'सतीवा' हे रूप दोन ठिकाणी येते : स्त्रीलिंगी एकवचनात आणि नपुंसकलिंगी अनेकवचनात. मराठीत पाहावे तर 'पेरलेली' हे रूपही नेमके याच दोन ठिकाणी. 'पेरलेली ज्वारी' आणि 'पेरलेली वावरे'. आधी वाटले, किती जुने नाते हे! पण घाईने आनंदू नये. लॅटिनमधले हे साम्य फार प्राचीन आहे. नपुंसकलिंगी अनेकवचनाचा हा आकार मुळात समूहवाचक असावा आणि स्त्रीलिंगाशी त्याचे नाते असावे, असे भाषावैज्ञानिक मानतात. मराठीतले साम्य मात्र बरेचसे कागदावरचे आहे. जुन्या लेखनात 'पेरलेली ज्वारी' पण 'पेरलेलीं वावरें' असा भेद होता. 1962 सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि दोन रूपे एक झाली. 'पेरलेले दाणे' आणि 'पेरलेलें वावर' यांचेही तेच झाले. आमच्या आजोबांच्या पत्रांत ते टिंब आहे, आमच्या लेखनात नाही. एका टिंबाएवढे लिंग हरवले, आणि कोणाचे अडले नाही.

पुढे, विभक्ती लागली की मराठी विशेषण लिंग सोडून देते. 'पेरलेल्या दाण्याला, पेरलेल्या ज्वारीला, पेरलेल्या वावराला' अशी तिन्हीकडे एकच 'ल्या'. लॅटिन तसे सोडत नाही. षष्ठीतही 'सतीवी' आणि 'सतीवाए' वेगळी राहतात. उलट लॅटिनमध्येही सगळीच विशेषणे अशी तीन तोंडांची नाहीत. काहींना दोनच रूपे असतात : 'सिल्वेस्त्रिस' हे पुरुष आणि बाई दोघांना चालते, नपुंसकाला 'सिल्वेस्त्रे'. म्हणून शिंदीचे झाड 'फिनिक्स सिल्वेस्त्रिस', पण गुडमार 'जिम्नेमा सिल्वेस्त्रे'. आणि काहींना एकच रूप. आमच्या मुलखाचे जुने अन्न जी ज्वारी, तिचे नाव 'सोर्घुम बिकोलोर', म्हणजे दुरंगी. हे 'बिकोलोर' प्रथमेच्या एकवचनात कोणत्याही लिंगापुढे तसेच उभे राहते, आपल्या 'लाल' किंवा 'गोड' यांसारखे. दामल्यांच्या व्याकरणात विकारी-अविकारी म्हणून जो भेद आपण शिकतो, तो रोमन पोरांनाही शिकावा लागतच होता.

रूपांचे इतके पुरे. अर्थाकडे वळू या, कारण खरी अडचण तेथे आहे.

लॅटिनमध्ये 'सेरेरे' म्हणजे पेरणे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित 'सातुस', म्हणजे पेरलेला. त्याला 'ईवुस' हा प्रत्यय लागून 'सतीवुस' झाला. तेव्हा सतीवुस म्हणजे नुसता 'पेरलेला' नव्हे. 'पेरून येणारा', 'पेरणीचा'. प्लिनीसारखे रोमन ग्रंथकार याच्या समोर 'सिल्वेस्त्रिस' हा शब्द ठेवतात : रानचा. एक माणसाने आणलेले, एक आपले आपण आलेले. 1753 साली लिनिअसने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा हा जुना शेतकरी शब्द त्याच्या फार उपयोगी पडला. भात, लसूण, केशर, मुळा, काकडी, कोथिंबीर, कलौंजी, गांजा, लाख या सगळ्यांपुढे त्याने सतीवुसचे कोणते ना कोणते रूप लावले.

आता यात विसंगती पाहा. केशर म्हणजे 'क्रोकुस सतीवुस'. पण केशराच्या झाडाला बी धरतच नाही. त्याचे कंदच लावावे लागतात. हजारो वर्षे माणसाच्या हाताने एका जमिनीतून दुसऱ्या जमिनीत गेलेले हे पीक एकदाही पेरले गेलेले नाही, आणि नाव मात्र पेरणीचे. लसणाचेही जवळजवळ तसेच, पाकळ्या लावायच्या. रोमन लोकांचा 'सेरेरे' ऐसपैस होता. धान्य पेरणे, द्राक्षवेल लावणे, झाड लावणे सगळे त्यात मावे. मराठी शेतकरी इतका ढिला बोलत नाही. ज्वारी पेरतात, लसूण लावतात, सरकी टोबतात, मेथी वाफ्यात फेकतात. 'लसूण पेरला' असे कोणी म्हटले तर बांधावरची माणसे हसतील. ज्या भाषेला आपण गावंढळ म्हणतो तिच्याकडे या कामी रोमन भाषेपेक्षा बारीक चाळणी आहे, हे आम्हांला पाट्यांच्या निमित्ताने कळले.

मग 'सतीवुस'ला मराठी काय? 'लागवडीचा' हे बरोबर आहे, पण सरकारी परिपत्रकाचा वास येतो. आमच्या मते त्याला एक अस्सल शब्द आहे : पेरीव. कोरीव, आखीव, घोटीव, रेखीव या घरातला. कोरून झालेले ते कोरीव, पेरून आलेले ते पेरीव. 'सतीवुस'मधला 'ईवुस' आणि 'पेरीव'मधला 'ईव' कानाला सख्खे भाऊ वाटतात; पण ध्वनिसाम्यावरून सोयरीक जोडणे हा हौशी व्युत्पत्तिकारांचा रोग आहे, आम्ही त्यात पडत नाही. एक भेद मात्र लक्षात ठेवावा. 'पेरीव' अविकारी आहे. कोरीव खांब, कोरीव मूर्ती, कोरीव लेणे. तसे पेरीव मुळा, पेरीव ज्वारी, पेरीव धान्य. म्हणजे लॅटिन विशेषणाचा अर्थ नेमका पकडणारा मराठी शब्द मिळाला, तर त्याने रूपे टाकली. आणि रूपे ठेवणारा 'पेरलेला' घेतला, तर अर्थ थोडा सरकला. भाषांतर शिकवताना आम्ही हे उदाहरण देतो. दोन्ही हाती घेता येत नाही. एक काही खाली ठेवावे लागते.

वनस्पतींची नावे बदलतात तेव्हा ही रूपे कशी जिवंत असतात ते दिसते. मुगाला लिनिअसने 'फासेओलुस रादिआतुस' म्हटले. फासेओलुस पुल्लिंगी, म्हणून रादिआतुस. विसाव्या शतकात अभ्यासकांनी मुगाला त्या कुळातून काढून 'विग्ना'मध्ये घातले. विग्ना स्त्रीलिंगी, म्हणून मूग झाला 'विग्ना रादिआता'. मटकीचेही असेच झाले, आकोनितिफोलिउसची आकोनितिफोलिया. कुळीथ 'दोलिकोस उनिफ्लोरुस' होता, तो 'माक्रोतिलोमा'मध्ये गेल्यावर 'उनिफ्लोरुम' झाला. आंतरराष्ट्रीय नियमच आहे : विशेषण असेल तर त्याने नव्या घरच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलला पाहिजे. सासरी गेलेल्या मुलीचे नाव बदलावे तसे. नाम असेल तर मात्र बदलायचे नाही. उडदाचे 'मुंगो' हे तसेच राहिले. आता 'मुंगो' हा आपला मूगच, आणि तो जाऊन चिकटला उडदाला! मुगाच्या नावात मूग नाही, उडदाच्या नावात आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारले असते तर हा घोटाळा एका क्षणात मिटला असता. पण विचारायचे कोणाला, आणि कोणत्या भाषेत?

या शब्दाचे गोत आपल्या रोजच्या बोलण्यातही येऊन राहिले आहे. 'सीझन चालू आहे' असे आडतीवरचा माणूस म्हणतो. तो 'सीझन' फ्रेंचांच्या वाटेने लॅटिन 'सातिओ'पासून, म्हणजे पेरणीपासून, आला. ऋतू म्हणजे मुळात पेरणीची वेळ. आम्ही अध्यापक ज्या 'सेमिनार'ला प्रवासभत्ता घेऊन जातो, तो 'सेमिनारिउम', म्हणजे रोपवाटिका. 'सेमेन' म्हणजे बी, त्याच धातूचे. प्राध्यापकांनी हे ध्यानात ठेवले तर चर्चासत्रांचे बरेच भले होईल. वाऱ्रो नावाच्या रोमन पंडिताने तर सातुर्नुस हा देवही पेरणीशी जोडला. आजच्या अभ्यासकांना ती व्युत्पत्ती पटत नाही, पण कल्पना पाहण्यासारखी आहे : ज्या ग्रहाच्या साडेसातीला आपण तेल वाहतो, त्याच्या रोमन देवाला वाऱ्रो पेरणारा म्हणतो. आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, लॅटिनमध्ये 'सेरेरे' नावाचा आणखी एक धातू आहे, अर्थ 'ओवणे, गुंफणे'. 'सेरिएस' म्हणजे मालिका त्यापासून, 'सेर्मो' म्हणजे संभाषण त्यापासून. उच्चार एक, धातू दोन : एक पेरण्याचा, एक शब्द ओवण्याचा. संस्कृतातही 'वप्' पेरणे आणि 'वप्' केस काढणे असे दोन आहेत. केशवपनात बीजवपन नाही. शब्द एकमेकांवर पडतात, माणसे त्यांतून अर्थ काढतात.

येथवर सारे कोशांच्या साहाय्याने झाले. पण पाट्यांपाशी उभी असलेली एक विद्यार्थिनी दुरुस्तीनंतर विचारती झाली, "सर, सतीवुस म्हणजे पेरलेला. पेरलं कुणी, ते कुठं असतं?" आम्ही म्हटले, "ते नावात नसते. नाव पिकाचे आहे." व्याकरणदृष्ट्या उत्तर चोख होते. कर्मणी धातुसाधित कर्माशी जुळते. 'ज्वारी पेरली' यातले 'ली' ज्वारीचे आहे, पेरणाऱ्याचे नव्हे. ती मान हलवून गेली. आम्ही मात्र घरी येईपर्यंत दुसऱ्याच एका वाफशाचा विचार करत होतो.

आमच्या लहानपणी वावरात तिफण चाले. पुढे बैल, मागे तीन फण, त्यांना तीन नळ्या आणि वर लाकडी चाडे. तिफणीमागून चालणाऱ्या माणसाने चाड्यावर मूठ धरायची आणि बोटांतून दाणे असे सोडायचे की तिन्ही नळ्यांत सारखे पडावेत. मूठ सैल झाली तर ज्वारी दाट होते; घट्ट झाली तर नांग्या पडतात आणि पुढे चार महिने गावाला दिसतात. बैल हाकायला कोणीही चाले. मूठ मात्र सगळ्यांना साधत नसे. आमच्या घरची मूठ धरायला गावातली एक बाई येई. आम्ही तिला मावशी म्हणत असू. तिला स्वतःची जमीन नव्हती. पेरणीच्या दिवसांत मजुरी आणि वर पायलीभर जोंधळे, असा ठराव होता. पावशा ओरडू लागला की लोक म्हणत, तो 'पेरते व्हा' सांगतो आहे. आमच्या घरी त्याचा अर्थ 'मावशीला सांगावा धाडा' एवढाच होता.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारीचे नाव जगभर झाले. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर आणि भोवतालची गावे त्याच पहाटे माळवदांखाली गेली. दगडमातीच्या भिंती आणि वर हात-दोन हात मातीचे ओझे. माणसांना उठायलाही सवड मिळाली नाही. सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या गावात भिंती फुटल्या, जीव वाचले. मावशीचे माहेर सास्तूरच्या बाजूला होते. तिचा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन लेकरे त्यात गेली.

रब्बीची पेरणी तोंडावर होती. आमच्या वडिलांनी त्या वर्षी तिला सांगावा धाडला नाही. कोणत्या तोंडाने धाडायचा? पंधराएक दिवसांनी ती आपण होऊन आली. आम्ही कॉलेज बंद म्हणून घरी होतो आणि पत्र्याच्या शेडबाहेर पुस्तक घेऊन बसलो होतो. "काय वाचलालास, बाळा?" एवढे विचारून ती उत्तराची वाट न पाहता वडिलांकडे वळली. "वाफसा चाललाय मालक. तिफण काढा." आई म्हणाली, "अगं, यंदा राहू दे. दुसरं कोणी धरील मूठ." त्यावर ती म्हणाली, "जिमीन थांबत नसतीय वैनी. आन हात थांबला की डोकं चालू हुतंय."

तीन दिवस तिने मूठ धरली. एका शब्दाने बोलली नाही. त्या वर्षी ज्वारी अशी उगवली की वाटेने जाणारे थांबून ओळी पाहत. एकही नांगी नाही.

आणि वडील, जे मनाने वाईट नव्हते, पारावर सांगत : "यंदा आम्ही बारा एकर पेरली. भूकंपाच्या वर्षीसुद्धा." आम्हीही सोलापूरच्या मित्राला पत्रात हेच लिहिले : आम्ही पेरली. तलाठ्याने गाव नमुना बारामध्ये नोंद केली : रब्बी ज्वारी आणि क्षेत्र. नमुना सातमध्ये नाव वडिलांचे. सातबारा उतारा हा आपल्याकडचा सर्वांत वाचला जाणारा गद्यप्रकार म्हणावा लागेल. त्यात जमीन कोणाची ते आहे, काय पेरले ते आहे. पेरणाऱ्या हाताला रकाना नाही. तो उतारा म्हणजे दुसरे काय, एक मोठे कर्मणी धातुसाधित.

आम्हांला यात केवळ आमच्या घराचा दोष दिसत नाही. ही शब्दांची जुनी खोड आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात 1563 साली भारतीय औषधींवर संवादरूप ग्रंथ छापला. त्या संवादांत दोन विद्वान बोलतात आणि मधूनमधून आंतोनिया नावाची दासी वनस्पती आणून दाखवते. तिच्या वाट्याला वाक्ये फार थोडी, पण ती तेथे आहे. चारच वर्षांनी, 1567 साली, क्लुसिउसने या ग्रंथाचा लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि युरोपने तो वाचला. संक्षेपात संवादाचे रूप गेले, सलग विवेचन आले. वनस्पती राहिल्या, गुण राहिले. ती आणणारा हात गळाला. क्लुसिउसला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला संक्षेपच करायचा होता. पण संक्षेप करताना प्रत्येक वेळी आधी कोण गळते, हे साहित्याच्या अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

तीनही लिंगांची रूपे तोंडपाठ असलेल्या आम्हांला एक साधी गोष्ट दिसायला इतकी वर्षे लागली. लॅटिनचे विशेषण पिकाशी इमानाने जुळते. पुरुषाशी पुरुष होते, बाईशी बाई. पण ज्याने किंवा जिने पेरले, त्याच्याशी किंवा तिच्याशी जुळण्याचे बंधन त्याच्यावर नाही. आणि मराठीतले 'आम्ही' तर याहून सोयीचे. 'आम्ही पेरतो', 'आम्ही गेलो' यांत बोलणारा एक की अनेक, बाई की पुरुष, काही कळत नाही. निबंधकार म्हणून आम्ही हा 'आम्ही' वापरत आलो तो नम्रता म्हणून. पण मालकाच्या तोंडी हाच शब्द दुसऱ्याच्या हाताचे काम आपल्या नावावर करून घेतो. त्या पत्रातल्या 'आम्ही'त मावशी होती की नव्हती? असती तर तिचे नाव आले असते. नसती तर वाक्य खोटे होते.

मावशीला जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिफण कोणाच्या माळवदावर पडली असेल. चाडे सरपणात गेले. वावरात आता बहुतेक सोयाबीन असते, ट्रॅक्टरमागे पेरणीयंत्र चालते, मुठीला काम नाही. सोयाबीनचे शास्त्रीय नाव 'ग्लिसिने माक्स', तेथे रूपे चालवण्याचाही प्रश्न नाही. पीकपाहणीची नोंद 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची असते. पिकाचा फोटो काढायचा, क्षेत्र भरायचे. रकाने तेच.

लॅटिनमध्ये पेरणाऱ्याला 'सातोर' असा स्वतंत्र शब्द आहे. पाँपेईत सापडलेल्या, उलटसुलट कसाही वाचता येणाऱ्या एका प्रसिद्ध अक्षरचौकटीत तो शब्द आहे. तोही पुल्लिंगी. मराठीत हे सोपे आहे : पेरणारा, पेरणारी. एक अक्षर बदलले की झाले.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढच्या तासाला उत्तर दिले. कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवायचे होते. फळ्यावर पहिले उदाहरण लिहिले, 'ज्वारी पेरली'. मुलांनी कर्म ओळखले, क्रियापद कोणाशी जुळते ते सांगितले. मग त्या वाक्यापुढे, जेथे इतकी वर्षे आम्ही जागा मोकळी सोडत आलो होतो, तेथे तृतीयेतला कर्ता भरला : 'मावशीने ज्वारी पेरली'. क्रियापदाच्या रूपात काहीच फरक पडला नाही. 'पेरली' ते 'पेरली'च राहिले. मुलांना वाटले सर नेहमीचेच उदाहरण देत आहेत, आणि त्यांनी ते वहीत उतरवून घेतले.